भिंतीवरचा बोजा

बँकेत असताना मी शेकडो घरांची कागदपत्रे तपासली. 30 वर्षांचा शोध, सिटी सर्व्हेचा उतारा, बोजा, वारसांच्या सह्या. निवृत्तीनंतर कोरेगावच्या गावठाणात एक जुना दगडी वाडा घ्यायचे ठरवले, तेव्हाही कागद चोख होते. "दोन हात जाड भिंत, हलायची नाही," विकणारा म्हणाला आणि मी भुललो.

सौ.ने मात्र जुन्या गवंड्याला बोलावले. त्याने ओळंबा सोडला. भिंतीला मधोमध पोट आले होते. "साहेब, ही एक भिंत न्हाई, दोन हायती." बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही बाजूंना बांधणारा आरपार दगड कुठेच नव्हता.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत अशाच जाड भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप तर आमच्याच जिल्ह्यातला. तरी आपण काय करतो? दिवाणखाना मोठा हवा म्हणून लाकडी खांब काढतो, वर स्लॅब ओततो आणि ओल झाकायला सिमेंटचा गिलावा चढवतो. ओल आतच कोंडते, माती सुटते.

वाडा आम्ही घेतला. पण ती भिंत उतरवून, आरपार दगड घालून पुन्हा रचण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच. खांब जागेवर ठेवले. दिवाणखाना लहान राहिला.

उतारा जरूर पाहा. पण सगळेच बोजे उताऱ्यावर चढत नाहीत. इसार देण्याआधी भिंतीला ओळंबा लावा.