एक चाक फिरते, दुसरे उभे

पावसाळ्यात बाजार समितीच्या आवाराबाहेर किंवा गोदामामागच्या उतारावर एक दृश्य हमखास दिसते. माल उतरवून छोटी व्हॅन रिकामी परत निघते. मागचे एक चाक चिखलात जागच्या जागी गरगरू लागते, आणि दुसरे, घट्ट मुरमावर असूनही, ढिम्म हलत नाही. चार हमाल मागून ढकलतात, गोणपाट टाकले जाते, गाडी कशीबशी निघते. मग कुणीतरी मिस्त्री सुचवतो की, डिफरन्शियलला आतून वेल्डिंग मारून घ्या, पुन्हा अडकणार नाही. खर्च थोडा आणि फरक त्याच दिवशी दिसणारा, म्हणून हा सल्ला अनेकांच्या मनात घर करतो. तो मानायचा की नाही, हे ठरवण्यापूर्वी त्या पेटीत काय चालते ते समजून घेणे हिताचे.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर तोडावे लागते. मागच्या दोन चाकांत १.२ मीटर अंतर धरले, तर गाडी पूर्ण उलट दिशेला वळेपर्यंत बाहेरचे चाक सुमारे ३.८ मीटर जास्त धावते. वळण लहान असो वा मोठे, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर हा फरक टायर घासूनच भरून निघाला असता. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर यांनी १८२०च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चाकांची तोड काढली, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. क्राउनबरोबर फिरणाऱ्या पेटीत एका पिनवर दोन छोटे गिअर बसवलेले असतात. ते डावीउजवीकडच्या गिअरांना असे जोडतात की दोन्ही चाकांचा वेग वेगळा राहू शकतो, पण पीळ मात्र दोघांना सारखाच मिळतो.

खरी मेख या सारखेपणातच आहे. दुकानातल्या तराजूप्रमाणे हे यंत्र दोन्ही बाजू समान ठेवते. चिखलातले चाक १० एकक पीळच पेलू शकत असेल, तर मुरमावरच्या सशक्त चाकालाही १०च मिळतात. इंजिन कितीही मोठे असले तरी एकूण ओढ २०च्या पुढे जात नाही. दुबळ्याच्या मापाने दोघांना वाटप होते, म्हणून गाडी अडते.

वेल्डिंगने हा तराजूच मोडून टाकला जातो. पिनवरचे गिअर बाजूच्या गिअरांना जोडून टाकले की दोन्ही चाके एकच होतात, आणि चिखलातून गाडी निघते हे खरेच आहे. पण मालाची गाडी वर्षातले किती दिवस चिखलात असते? उरलेले सगळे दिवस ती डांबरावर, चौकांतून आणि गल्लीबोळांतून वळत असते. प्रत्येक वळणावर ते जास्तीचे अंतर टायर घासून फेडतात. ओल्या रस्त्यावर गाडी स्टिअरिंगचे न ऐकता सरळ जाऊ पाहते, किंवा मागचा भाग अचानक बाजूला सरकतो. छोट्या गाडीचे एक्सल बारीक असतात. एरवी दोघांत वाटला जाणारा भार प्रसंगी एकट्यावर येतो. कठीण केलेल्या पोलादावर घाईने मारलेले वेल्डिंग ठिसूळही होते, आणि त्याचा तुकडा सुटून दातांत अडकला तर धावत्या गाडीची चाके जागीच जाम होऊ शकतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या मारुती ८०० सारख्या गाडीत हा प्रयोग करणे म्हणजे स्टिअरिंगच गहाण टाकणे. शर्यतीच्या बंद मैदानावर किंवा निव्वळ रानवाटांच्या खेळासाठी ठेवलेल्या गाडीत हौशी लोक असे करतात, तो त्यांचा प्रश्न. घरची मुले ज्या गाडीतून शाळेत जातात, तिथे याला जागा नाही.

दुसरा घरगुती उपाय जरा सभ्य वाटतो. बाजूच्या गिअरांमागचे वॉशर जाड घालून आत मुद्दाम घर्षण वाढवायचे, म्हणजे एक चाक सहजासहजी एकटे सुटत नाही. काही जण दोन गिअरांच्या मध्ये स्प्रिंगच्या पट्ट्या बसवतात. तत्त्व चुकीचे नाही. १९३०च्या दशकात जर्मनीत शर्यतीच्या गाड्यांसाठी झेडएफ कंपनीने घर्षणाच्याच आधारावर डिफरन्शियल घडवले होते. पण घासण्यासाठीच बनवलेला भाग आणि घासू नये म्हणून बनवलेला वॉशर यांत फार अंतर आहे. जाड वॉशर लवकर झिजतो, फायदा संपतो, आणि धातूचा चुरा तेलात फिरत राहतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे तेल एकच असते. ब्रिटनच्या जुन्या मिनी गाडीत तर इंजिनचेही तेच. तो चुरा शेवटी बेअरिंगांच्या वाट्याला येतो.

तिसरा उपाय सर्वांत हुशारीचा आहे, आणि महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तो पुस्तकाविना ठाऊक आहे. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक पॅडल वेगळे असतात. घसरणाऱ्या चाकाचाच ब्रेक दाबला, तर त्या बाजूला १०च्या जोडीला ब्रेकचे, समजा, ३० एकक येतात. समान वाटपाच्या नियमाने दुसऱ्या चाकाला आता ४० मिळतात, आणि एकूण ओढ २० वरून ५० होते. ब्रिटनमध्ये चिखलाच्या टेकड्या चढण्याच्या ‘ट्रायल’ स्पर्धांतल्या छोट्या गाड्यांना याचसाठी दोन स्वतंत्र हँडब्रेक असतात, आणि चालकाचा जोडीदार मागच्या चाकांवर वजन पडावे म्हणून आसनावर चक्क उड्या मारतो. फोक्सवॅगन बीटलपासून बनवलेल्या अमेरिकेतील वाळवंटी बग्ग्यांतही हीच युक्ती दिसते. आजच्या ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाड्या संगणकाच्या साहाय्याने हेच काम करतात. मात्र रस्त्यावर येताच ट्रॅक्टरची दोन्ही पॅडले खिटीने एकत्र जोडावी लागतात. भरधाव असताना एकाच चाकाचा ब्रेक लागला तर काय होईल, हे सांगायला नको.

व्हॅन अडकली की हँडब्रेक अर्धा ओढावा, असेही सांगितले जाते. तो दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. म्हणजे सशक्त चाकाला जास्तीचे ३० मिळतात खरे, पण त्याच्याच ब्रेकमध्ये ते संपतात. हिशेब होता तिथेच येतो. चाक कमी गरगरते, खड्डा कमी खोल होतो, एवढाच लाभ.

मग रिकामी व्हॅनच जास्त का अडकते? मारुती ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या आसनांखाली आणि ओढीची चाके मागे. माल उतरला की मागच्या चाकांवरचा भारच निघून जातो. परतीच्या वाटेवर मागच्या एक्सलवर दोन-तीन भरलेली पोती घट्ट बांधून ठेवली, टायरची नक्षी शाबूत असली आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये हळुवार काढली, तर निम्मा त्रास गॅरेजविना मिटतो. चिखलात टायरची हवा थोडी कमी करणेही उपयोगी पडते, पण पक्क्या रस्त्यावर वेग घेण्याआधी ती भरून घेतलीच पाहिजे.

ॲक्सिलरेटर दाबून धरण्याची सवय मात्र मोडायला हवी. एक चाक उभे असताना दुसरे काट्यावर दिसणाऱ्या वेगाच्या दुप्पट वेगाने फिरते. काटा ५० दाखवत असेल तर चाक १०० च्या गतीने दगड फेकत असते, आणि मागे ढकलणारा माणूस उभा असतो. आतले छोटे गिअरही एरवी वळणापुरते सावकाश फिरणारे. ते अशा वेळी पिनवर भिरभिरतात, तेल उडून जाते आणि पिन खाल्ली जाते.

जुनी व्हॅन विकत घेताना आधीच्या मालकाने असा प्रयोग केला आहे का, हे ओळखणे सोपे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधने घालते, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यातही असा बदल आड येऊ शकतो. त्यामुळे ही तपासणी सौद्याआधीच करावी. पुढच्या चाकांना दगड लावून मागची दोन्ही चाके उचलावीत, खाली भक्कम आधार द्यावा, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकावी, हँडब्रेक सोडावा आणि एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेला फिरले तर डिफरन्शियल मोकळे आहे. दोन्ही चाके हटून बसली, तर विक्रेत्याला पेटी उघडून दाखवायला सांगावे.