शुभार्थीची साखर कोण तपासणार?

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेली माणसे इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षे आधी जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ऐकणाऱ्याच्या मनात आधी आत्महत्या येते. पण या माणसांचे बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे विकार अशा शरीराच्या आजारांनी होतात. मनाच्या आजारावरच्या ओलान्झापिनसारख्या गोळीने भूक वाढते, वजन चढते, साखरही चढते. त्यात सिगारेट. आणि छातीत दुखते म्हणावे, तर 'मनाचं आहे' म्हणून बोळवण.

इथे त्याच वाटेने गेलेला माणूस उपयोगी पडतो. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. सावरलेला एक शुभार्थी दुसऱ्याचा हात धरतो, तेव्हा गोळीची गुंगी, केसपेपरच्या रांगेतली घुसमट, डॉक्टरांपुढे शब्दच न सुचणे हे सगळे त्याने स्वतः भोगलेले असते. 'काय होतंय ते आधी कागदावर लिहू, मग आत जाऊ,' हे त्याच्या तोंडून ऐकताना उपदेश वाटत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने अशा सोबतीचे पैसे मेडिकेड या सरकारी योजनेतून 1999 पासून दिले. 2012 मध्ये शारीरिक आरोग्यासाठीची सोबतही त्यात आली.

आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. सोबत्याचाच आजार उलटला तर? विश्वासाने सांगितलेले बाहेर गेले तर? प्रशिक्षण आणि देखरेख यांनी हे बरेचसे आवरता येईल. मला भीती वाटते ती वेगळी. फुकटात माणूस मिळाला, आता डॉक्टरची जागा भरायची घाई काय, असे एखादे खाते मनाशी ठरवील. शुभार्थी रांगेत सोबत करील, धीर देईल. मधुमेहाचे निदान तो करू शकत नाही. सेवाभावाच्या नावाखाली त्याला बिनपगारी राबवणे तर अन्यायच.

म्हणून माझा कौल सोबतीच्या बाजूने आहे, पण पगारासह आणि डॉक्टरांच्या जोडीने. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाच्या रुग्णाला शरीराच्या रुग्णाइतकाच उपचारांचा हक्क दिला आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत दर भेटीला वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि ठरावीक मुदतीने साखर तपासली जावी. त्या टेबलाशी एक पगारी शुभार्थी बसवावा. आरोग्य खात्याने येत्या अर्थसंकल्पात एवढी तरतूद करावी.