भाताचे द्वारपाल

मनुष्यदेहांत रोगजंतु शिरले म्हणजे रक्तांतील पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धांवून जातात, हें आतां घरोघरीं ठाऊक आहे. वनस्पतीस मात्र रक्त नाहीं, आणि संकट आलें तर स्थान सोडण्याची सोयहि नाहीं. मग तिचें रक्षण कोण करितो? उत्तर असें कीं, तिची प्रत्येक पेशी आपले द्वारपाल स्वतःच बाळगते. हे द्वारपाल म्हणजे विशिष्ट प्रथिनें होत.

आपल्या ताटांतील भाताचेंच उदाहरण घेऊं. त्यास कडा करपा नांवाचा रोग होतो. झँथोमोनास जातीचे जंतु पानाच्या कडेवरील सूक्ष्म जलरंध्रांतून किंवा जखमांतून शिरतात, जलवाहिन्यांत वाढतात, आणि पान कडेपासून पिवळें पडून वाळत जातें.

आफ्रिकेंतील माली देशांतल्या एका रानटी भाताचे ठायीं या रोगास दाद न देण्याचा गुण आढळला. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत संकर करून तो लागवडीच्या भातांत आणला गेला. १९९५ सालीं कॅलिफोर्नियांतील पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेनें त्याचें जनुक वेगळें काढलें. त्याचें नांव एक्सए-२१. त्यापासून होणारें प्रथिन पेशीच्या आवरणांत रोंवलेलें असतें. बाहेरचें टोंक शत्रूस ओळखतें आणि आंतलें टोंक पेशीस वर्दी देतें. मग पेशीची सारी संरक्षणव्यवस्था जागी होते.

शत्रूची ओळख नेमकी कशावरून पटते? याचें एक उत्तर २००९ सालीं प्रसिद्ध झालें होतें. पण तें टिकत नाहीं असें दिसतांच त्याच प्रयोगशाळेनें २०१३ सालीं तें जाहीरपणें मागें घेतलें. पुढें २०१५ सालीं जंतूंचें रॅक्सएक्स नांवाचें लहानसें प्रथिन ही खरी खूण ठरली. विद्येची प्रतिष्ठा अशा सचोटीनेंच राहते.

परंतु द्वारपाल एकच असला तर वेष पालटलेला चोर त्यास चकवितो. म्हणून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनीं सांबा मसुरी या बारीक तांदळाच्या वाणांत संकर व निवड यांच्या साह्यानें एक्सए-२१ सह तीन प्रतिकारक जनुकें एकत्र आणलीं. हें सुधारित वाण २००८ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आलें.

आतां मौज पाहा. ज्या आफ्रिकी भातानें हा द्वारपाल दिला, त्याचे दाणे पिकतांच गळून पडतात, जमिनींतील खोडें पसरत जातात. शेतकरी त्यास तण समजून उपटतो. आपल्या पूर्वजांनीं मात्र रानटी भातास नीवार म्हणून मुनींच्या अन्नाचा मान दिला, आणि ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमावांचून उगवलेलें धान्य खाण्याचा प्रघात ठेविला. भारतांतील एका रानटी भातास वनस्पतिशास्त्रांत ओरायझा निवारा हेंच नांव आहे. नीवारांत कोणतीं प्रथिनें आहेत हें त्या मुनींस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु निरुपयोगी दिसणाऱ्या तृणासहि जगूं द्यावें, हा विवेक त्या व्रतांत आहे. पाणथळ जागा बुजवून रानटी भात नाहींसा केला, तर उद्यां नव्या रोगाच्या वेळीं द्वारपाल मागावयास आपण कोणाच्या दारीं जाणार? येत्या ऋषिपंचमीस ही गोष्ट घरांतील मुलांस अवश्य सांगावी, अशी आमची विनंती आहे.