खिशातली दुर्बीण घ्यावी की नाही?

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. मुलाला नोकरी लागली आहे आणि आईवडिलांना काशीयात्रेला नेताना सोबत "लांबचे जवळ आणणारा" छोटा कॅमेरा घ्यायचा त्याचा बेत आहे. "घरात दोन मोबाईल असताना हा खर्च कशाला?" असे त्या विचारतात. प्रश्न रास्त आहे. असा एक कॅमेरा आमच्या घरी सहा वर्षे वापरात आहे. त्याने आम्हाला एक फोटो असा दिला की त्याचे मोल पैशात होणार नाही, आणि दुसऱ्या वेळी ऐन प्रसंगी दगा दिला. दोन्ही गोष्टी सांगते. निर्णय ज्याचा त्याने करावा.

आधी ही वस्तू काय ते पाहू. तळहातावर मावेल अशी डबी. बटण दाबले की भिंगाची नळी पुढे सरकते आणि लांबचे दृश्य जवळ येते. २००६ साली पॅनासॉनिकने टीझेड-१ नावाचा कॅमेरा काढला, तेव्हा दहा पट झूमचे केवढे नवल वाटले होते! आता ३० आणि ४० पटीचे मिळतात. कॅननचा २०१८ साली आलेला एसएक्स ७४० हा ४० पटीचा, आणि वजन फक्त ३०० ग्रॅम.

'३० पट' म्हणजे काय हे दुकानदार नीट सांगत नाही. शंभर मीटरवरच्या बांधाकडे कॅमेरा रोखला, तर झूम न करता सुमारे १४५ मीटर रुंदीचे शिवार चौकटीत येते. पूर्ण झूम केल्यावर त्यातले पाचच मीटर उरतात आणि तेवढ्याने चौकट भरते. हे काम भिंग करते, म्हणून बारकावे टिकतात. बहुतेक मोबाईलमध्ये काही पटींच्या पुढे फोटो नुसता कापून मोठा केलेला असतो. धोतराचा तुकडा ताणला म्हणून त्याचे धोतर होत नाही, तसेच ते.

आता आमची गोष्ट. आमचे मामंजी, ज्यांना घरातले सगळे आबा म्हणत, त्यांना फोटोचे वावडे. कॅमेरा दिसला की टोपी सरळ करायची, छाती पुढे काढायची आणि मुद्रा अशी की जणू कोर्टात साक्ष द्यायची आहे! थोरल्याने कॅमेरा आणला त्या हिवाळ्यात एका सकाळी आबा गव्हाला पाणी देत होते. मी न्याहारी घेऊन बांधावर पोचले आणि साठेक मीटरवरून, बाभळीला खांदा टेकवून, बटण दाबले. खोऱ्याने दारे मोडताना किंचित वाकलेले आबा डोक्यापासून पायापर्यंत आले. पायाखाली पाणी चमकते आहे, आणि ते स्वतःशीच हसत आहेत. त्यांना ठाऊकही नव्हते. एवढ्या लांबून आमच्या मोबाईलने तो फोटो आला नसता, आणि जवळ गेले असते तर आबा हसले नसते.

हा या कॅमेऱ्याचा खरा गुण. उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ते त्यांना न उडवता टिपता येतात. घरच्या कामालाही येतो. नारळाच्या शेंड्यावर गेंड्या भुंग्याने पाने त्रिकोणी कातरली आहेत का, हे झाडावर न चढता कळते.

आता दगा. त्यानंतरच्या वैशाखात पुतणीची हळद होती. रात्रीची वेळ, मांडवात रंगीत दिव्यांच्या माळा. आबा उठले, थरथरत्या हाताने नातीला हळद लावली आणि त्यांचे डोळे भरून आले. गर्दीमुळे मी लांब होते. पूर्ण झूम करून चार फोटो काढले. चारही पुसट. हात हललेला, चेहऱ्यावर रांगोळी सांडल्यासारखे ठिपके. चार महिन्यांनी आबा गेले. ते चार फोटो अजून ठेवले आहेत, पण त्यांत आबांचे डोळे दिसत नाहीत.

दोष कॅमेऱ्याचा की माझा? थोडा दोघांचाही. कारण समजून घ्या. या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो, ज्याला सेन्सर म्हणतात, तो सुमारे ६ मिलिमीटर लांब आणि साडेचार मिलिमीटर रुंद, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. पागोळीखाली वाटी ठेवली तर पाणी वाटीभरच साठणार. घमेल्याची बरोबरी कशी होईल? भिंग खिशात मावावे म्हणून ही वाटी लहान ठेवावी लागते. त्यात पूर्ण झूमला भिंगाचे तोंड आणखी अरुंद पडते. वर सांगितलेल्या कॅननमध्ये पूर्ण झूमला प्रकाश जवळजवळ चौथाईवर येतो. मेगापिक्सेलच्या आकड्यांनी भुलू नका. गुंठ्यात वीस वाफे पाडले म्हणून गुंठ्याचा एकर होत नाही.

उलट आजच्या पुष्कळ मोबाईलचा मुख्य सेन्सर याहून मोठा असतो, त्याचे भिंग जास्त प्रकाश घेते, आणि एका क्षणात अनेक फोटो घेऊन तो त्यांचा एक करतो. त्या रात्री गर्दीतून वाट काढून जवळ गेले असते आणि साधा मोबाईल धरला असता, तर काम झाले असते. काशीला सकाळी नावेतून घाट टिपायला हा कॅमेरा उत्तम. संध्याकाळच्या आरतीला मात्र मोबाईल बाहेर काढा. अजिंठ्याच्या लेण्यांतही तेच: आत उजेड मंद आणि फ्लॅशला मनाई.

याच जातीत मोठ्या सेन्सरचे कॅमेरेही आहेत. पॅनासॉनिकचा २०१८ सालचा टीझेड-२०० त्यांतला. त्याचा सेन्सर चिंचोक्याएवढा, क्षेत्रफळ चौपट. पण झूम १५ पट आणि किंमत जास्त. एक वाढवले की दुसरे घटते.

आणखी काही उणिवा. भिंगाची नळी आतबाहेर होते आणि धूळ आत ओढते. मळणी यंत्राजवळ कॅमेरा उघडूच नये. भिंग काढता येत नसल्याने आतली धूळ घरी पुसता येत नाही. भर उन्हात मागचा पडदा दिसत नाही. डोळ्याला लावायची खिडकी असेल तर सोय होते, पण ती सगळ्यांत नसते. उन्हाळ्यात दुपारी काळ्या रानावर हवा लहरत असते, तेव्हा लांबचे फोटो कोणत्याच कॅमेऱ्याने नीट येत नाहीत. सकाळची वेळ साधावी.

दुरुस्तीचाही विचार करा. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर असे जोडभिंगाचे लहानमोठे दहा कोटींवर कॅमेरे पाठवले. २०२३ साली वीस लाखही नाहीत. मोबाईलने हा धंदा खाल्ला. म्हणून बॅटरी आणि सुटे भाग पुढे मिळतील का, हे घेण्याआधी विचारा.

तरीही घ्यायचाच असेल तर:

खोक्यावरचा 'ऑप्टिकल' झूमचा आकडा पाहा. 'डिजिटल' झूम हिशेबात धरू नका.

दुकानातच पूर्ण झूम करून रस्त्यापलीकडची पाटी टिपा आणि पडद्यावर मोठी करून वाचा.

वापरलेला घेत असाल तर पूर्ण झूमला मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर आत धूळ आहे, सौदा सोडा.

फोटो काढताना कोपरे बरगड्यांना टेकवा, झाड किंवा भिंत हाताशी घ्या.

तर ताई, तुमच्या घरात कुणाला पक्ष्यांचा, डोंगरदऱ्यांचा, लांबून माणसे न्याहाळण्याचा नाद असेल, तर मुलाचे मन मोडू नका. फोटो मुख्यतः घरातले, मांडवातले, दिव्याच्या उजेडातले असतील, तर मोबाईल पुरे आहे. पैसे प्रवासाला लावा.

आमच्या ओसरीवर आबांचा गव्हातला फोटो लावला आहे. आल्यागेल्याला तो दाखवते. हळदीच्या रात्रीचे मात्र तोंडानेच सांगावे लागते.