नव्या गाडीला नजर लागू दे!

आपल्याकडे नवी गाडी घरी आली की तिच्यावर जेवढे संस्कार होतात, तेवढे हल्ली मुलांवरही होत नाहीत. शोरूममध्ये हार आणि पेढे, दारात आल्यावर ओवाळणी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली चार लिंबं आणि बंपरला लिंबू-मिरची. ही लिंबू-मिरची दर शनिवारी बदलायची असते, हे घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक असतं. ब्रेकचं तेल कधी बदलायचं, असं मात्र विचारून बघा. "अय्या, ब्रेकलाही तेल असतं?" असा उलट प्रश्न येतो.

हा सारा खटाटोप कशासाठी, तर नव्या गाडीला नजर लागू नये म्हणून. आमचं म्हणणं नेमकं उलटं आहे. नव्या गाडीला नजर लागलीच पाहिजे! शेजाऱ्याची नव्हे, ती तर लागतेच. नजर लागायला हवी ती हातात बॅटरी घेऊन गाडीखाली वाकणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाची. आणि तीही मालकाच्या मर्जीने नव्हे, कायद्याने.

सध्याचा कायदा याबाबतीत फारच भिडस्त आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी गाडीची नोंदणी एकदा झाली की ती तब्बल १५ वर्षं चालते. तोवर तिचे ब्रेक लागतात का, टायरला नक्षी उरली आहे का, दिवे रस्त्यावर पडतात की समोरच्याच्या डोळ्यांत, हे विचारायला कोणी येत नाही. आता हिशोब करा. रोज ४० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे वर्षाला १२,००० किलोमीटर. पंधरा वर्षांचे झाले १,८०,०००. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटरचा. म्हणजे गाडीने पृथ्वीला साडेचार प्रदक्षिणा घातल्या की सरकार तिला प्रथमच विचारणार, "काय गं, ब्रेक बरे आहेत ना?"

"पण पीयूसी असते की!" असं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात. असते. पण ती बघते धूर. पहिलं वर्ष तर तीही लागत नाही आणि पुढे हल्लीच्या गाड्यांना वर्षातून एकदा काढली की भागतं. धुराच्या नळीत नळी घालून ब्रेक दिसत नाहीत. जीभ बघून मोतीबिंदू नाही असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाऊ का? विजेवरच्या गाडीला तर धूरच नाही, त्यामुळे तिला पीयूसीही नाही. तिचा आनंदीआनंदच.

बरं, गाड्या तपासायची कल्पनाच आपल्याला नवी आहे म्हणावं, तर तसंही नाही. नेरूळ स्टेशनबाहेर रांगेत उभी असलेली रिक्षा बघा. पहिली दोन वर्षं झाली की तिला दर दोन वर्षांनी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो आणि आठ वर्षांनंतर दर वर्षी. टॅक्सीला तेच, टेम्पोला तेच, शाळेच्या बसला तेच. त्याच रस्त्यावरून, तिच्या दुप्पट वेगाने जाणारी आणि वजनाने तिच्याहून कितीतरी भारी अशी आमच्या सेक्रेटरींची गाडी मात्र १५ वर्षं निर्धास्त. एका रिक्षावाल्याने आम्हाला विचारलं होतं, "साहेब, ही तपासणी लोकांच्या जिवासाठी आहे का आमच्या खिशासाठी? जिवासाठी असेल तर त्या मोठ्या गाडीखाली आलेला माणूस काय मरत नाही?" सुटे पैसे नसल्याची सबब सांगणाऱ्या त्या माणसाने हा प्रश्न मात्र अगदी रोख दिला. आम्हाला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर स्टेशनवर जाऊन त्याला सांगा.

आम्ही राहतो सारसोळ्याला. सारसोळे म्हणजे नेरूळच्या पोटातलं जुनं गाव. सिडको १९७० साली जन्माला आली. गाव त्याच्या कितीतरी आधीपासून खाडीकडे तोंड करून बसलेलं. पुढे गाव आणि खाडी यांच्या मधूनच वाशी ते बेलापूर असा पाम बीच रस्ता गेला. रस्ता इतका सरळ आणि गुळगुळीत की त्यावर चढलं की शहाण्या माणसाचाही पाय जड होतो. सारसोळ्याची जेट्टी रस्त्याच्या पलीकडे. म्हणजे गावातल्या माणसाला आपल्याच होडीकडे जायचं तर हा रस्ता ओलांडणं आलं. डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण सकाळी जेव्हा तो ओलांडते, तेव्हा समोरून येणाऱ्या गाडीचे ब्रेक कसे आहेत, यावर तिचं सगळं अवलंबून असतं. तिने ती गाडी घेतलेली नाही, तिच्या हप्त्यांशी तिचा संबंध नाही, पेढाही तिला मिळालेला नाही. मग गाडी तपासायची की नाही, हे मालकाच्या मनावर का सोडायचं? पैसे मालकाचे असले तरी जोखीम तिची आहे.

याच जेट्टीवर पावसाळ्यात होड्यांची डागडुजी चालते. कुठे फट बुजवतील, कुठे फळी बदलतील, रंग काढतील, आणि मग नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पाण्यात जातील. क्रम बघा: आधी डागडुजी, मग नारळ. आपण नारळावरच थांबतो. "होडी तर गेल्या सालचीच दिसते, मग एवढी कसली तपासणी?" असं एका म्हाताऱ्या नाखव्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पानी थोरंच ईचारतं, होरी नवी का जुनी?" वाहतूक खात्याने हे वाक्य भिंतीवर रंगवून घ्यायला हरकत नाही.

कारण गाडी जुनी होते ती तारखेने नव्हे, वापराने. खाडीचा खारा वारा तीन वर्षांच्या आणि तेरा वर्षांच्या लोखंडात भेदभाव करत नाही. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा पिऊन घेतं, आणि आमच्याकडे ओलाव्याला तोटा नाही. वायपरचं रबर दोन उन्हाळ्यांत कडक होतं आणि पहिल्याच पावसात काचेवर नुसती रांगोळी काढतं. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झाल्या की तो बदलायचा असा नियम आहे. पण ही १.६ मिलिमीटरची पट्टी घेऊन खाली बसलेला मालक तुम्ही पाहिला आहे? टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. मुलांच्या पत्रिकेत जन्मवेळ मिनिटापर्यंत बघणारी आपली माणसं टायरची पत्रिका मात्र वाचत नाहीत.

"नव्या गाडीत काँप्युटर असतो, बिघाड झाला की दिवा लागतो," हा पुढचा मुद्दा. लागतो ना! आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या गाडीत तो चार महिने लागलेला आहे. "तो दिवा असाच आहे," असं ते कौतुकाने सांगतात. जणू देवघरातली समई.

"पण अपघात होतात ते माणसाच्या चुकीने, गाडीच्या नव्हे," असंही म्हणतात. बहुतेक वेळा हे खरंच आहे. पण म्हणूनच तर ब्रेक हवेत! माणूस चुकणार हे एकदा मान्य केलं, की तो चुकल्यावर हाताशी उरतं काय? ब्रेक, टायर आणि दिवे. माणूसही चुकला आणि ब्रेकही चुकला, तर मग फक्त लिंबू-मिरची उरते.

आणि नवी गाडी निरुपद्रवी असते यावर सरकारचा तरी विश्वास कुठे आहे? १ सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना त्रयस्थाचा विमा एकदम तीन वर्षांचा काढावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाचाच तसा आदेश. म्हणजे नवी कोरी गाडी पहिल्या दिवसापासून कोणाला तरी धडकू शकते, हे मान्य आहे; धडकल्यावर द्यायच्या पैशांची सोय आगाऊ केली आहे. फक्त धडकू नये म्हणून बघायचं काय ते १५ वर्षांनी!

इंग्लंडात १९६० साली अशी तपासणी सुरू झाली तेव्हा तीही फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती. इतक्या गाड्या नापास झाल्या की वर्षभरातच मर्यादा सात वर्षांवर आली आणि १९६७ साली तीनवर. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने ती चार करावी का, असं लोकांना विचारलं आणि शेवटी तीनच ठेवली. जर्मनीत पहिली तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. जपानातही तसंच. ज्यांनी जगाला गाड्या विकल्या, त्यांचा नव्या गाडीवर एवढाच विश्वास!

उरला शेवटचा, अस्सल भारतीय मुद्दा: "तपासणी आली की चिरीमिरी आली." ही भीती पोकळ नाही. पण चिरीमिरी माणूस खातो, यंत्र नाही. गाडीची चाकं रोलरवर ठेवायची, ब्रेक दाबायचा. कुठलं चाक किती जोर लावतं ते यंत्र कागदावर छापून देतं. रोलरला चहापाणी देता येत नाही. अशा स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम सरकारने २०२१ मध्ये केलेच आहेत. तेव्हा आमची मागणी अगदी किरकोळ आहे. पहिला त्रयस्थ विमा तीन वर्षांनी संपतो, त्याच वेळी पहिली तपासणी. पुढे दर दोन वर्षांनी. बघायचं फक्त पाच गोष्टींकडे: ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग, वायपर. रंग उडालाय का, सीटकव्हर फाटलंय का, याची चौकशी नको. आणि जो तपासेल त्याने दुरुस्ती करायची नाही. नाहीतर निरोगी गाडीलाही रोज नवा आजार निघेल.

हे सगळं आम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलं. सेक्रेटरी म्हणाले, "गाडी माझी, पैसे माझे, ब्रेकही माझे. सरकारचा संबंध काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचा विषय होता लिफ्टचा. लिफ्ट बसवून तीनच वर्षं झाली आहेत, तरी तिची वार्षिक तपासणी वेळेवर झालीच पाहिजे, असा ठराव सेक्रेटरींनी स्वतः मांडला. "माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला.