फुकटचं ते पौष्टिक?

"भाऊ, व्हिडिओत तर सगळं फुकट सांगतोस. मग इथे पैसे कसले?"

गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका काकांनी मला चारचौघांत हे विचारलं. घोडा पारखून द्यायचे मी 2000 रुपये घेतो. काकांना ते जास्त वाटले. ते एका दलालासोबत निघून गेले. त्याचा सल्ला मोफत होता.

मला या 'मोफत'बद्दलच भांडायचं आहे.

मला जे येतं ते मी खरोखर फुकट सांगतो. घोड्याचे समोरचे दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षांचा असताना बदलतात, शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला. दहाच्या सुमारास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक खाच उतरू लागते. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा मान वर उचलतो. यातलं काहीही मी राखून ठेवलेलं नाही. अर्धं सांगून 'उरलेलं पैसे भरून बघा' म्हणणारे आहेत, त्यांचा मला राग येतो.

पण तुमच्यासोबत उन्हात दोन तास उभं राहणं, कडक जमिनीवर घोडा पळवून बघणं, खूर उचलून बघणं, दुखणं दाबणारं औषध दिल्याचा संशय आला तर 'आज घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा' असं मालकासमोर सांगून त्याचा रोष ओढवून घेणं, हे काम आहे. स्वयंपाकाचा व्हिडिओ फुकट बघितला म्हणून खानावळीत कुणी फुकट जेवत नाही.

आता दलालाचं बघा. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची जुनी रीत आहे. तुमचा फुकट सल्लागारही आपला हिशोब असाच झाकून करतो. सौदा झाला तरच त्याला पैसे मिळणार, मग तो 'घेऊ नका' कशाला म्हणेल? त्याचं कमिशन घोड्याच्या किमतीतच असतं. म्हणजे ते तुम्हीच देता, फक्त तुम्हाला आकडा कळत नाही.

शेअर बाजारात हाच घोळ होता. म्हणून 2020 मध्ये सेबीने सल्लागारांचे नियम कडक केले: एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फी आणि त्यालाच योजना विकून कमिशन, दोन्ही घेता येत नाही. घोडेबाजाराला सेबी नाही. मोबाइलवरच्या आम्हा 'तज्ज्ञां'चा बराचसा कारभारही असाच बिनदेखरेखीचा चालतो.

हे मी मोठ्या तोंडाने बोलतोय, पण एकदा मीही घसरलोय. एका व्यापाऱ्याने पैसे दिले, मी त्याची घोडी व्हिडिओत दाखवली आणि पैशांचं बोललो नाही. एका पोराने माझ्या शब्दावर ती घेतली. घोडी चांगली निघाली. तरी त्याने नंतर विचारलं, "दादा, तुम्हाला त्यात काही मिळालं होतं का?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर विकणाऱ्याकडून मी रुपया घेतलेला नाही.

म्हणून माझी फी आता व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगतो. ती महाग वाटली तर घेऊ नका, व्हिडिओ बघून स्वतः दात मोजा, मला आनंदच होईल. पण यंदा तापीकाठी कुणी फुकट सल्ला द्यायला आला, तर त्या पोराने मला विचारलं तेच त्यालाही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत पाकीट काढू नका.