दान नको, जेवण द्या

श्रीमंत खेळाडू गरीब पोरांना काहीबाही वाटतो, फोटो निघतो, पेपरात चौकट येते, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. मी वाजवत नाही. आमच्या वसतिगृहात एका दात्यानं वह्या वाटल्या होत्या. प्रत्येक पुठ्ठ्यावर त्याचंच थोबाड. आत गणितं आमची, वर तोंड त्याचं. शिवाय आभाराचं गाणं पाठ करून घेतलेलं. तेव्हापासून दान म्हटलं की डोकं सणकतं.

पण मार्कस रॅशफोर्डचं प्रकरण वेगळं आहे, दोस्तहो. नीट ऐका.

मँचेस्टरचा काळा पोरगा. पाच लेकरांची आई एकटी, किमान वेतनावर दिवसभर राबणारी. तरी घरात पुरत नव्हतं. शाळेच्या फुकट जेवणावर हा वाढला. २०२० साली कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा गडी २२ वर्षांचा, मँचेस्टर युनायटेडचा आघाडीचा खेळाडू. आधी त्यानं फेअरशेअर संस्थेसाठी पैसा आणि अन्न उभं केलं. एवढ्यावर थांबला असता तर मी हे खरडलंच नसतं. पण १५ जूनला त्यानं थेट खासदारांना जाहीर पत्र लिहिलं. उन्हाळी सुट्टीत पोरांची जेवणाची कुपनं बंद करू नका, एवढीच मागणी. दुसऱ्याच दिवशी सरकार वाकलं. १२ कोटी पौंड काढावे लागले, सुमारे १३ लाख पोरांसाठी.

कुठल्या खेळाडूच्या खिशातून निघणार १२ कोटी पौंड? आणि का निघावेत? सरकारची तिजोरी काय लंडनच्या साहेबांच्या बापाची आहे? तिच्यात त्या राबणाऱ्या आईचाही घाम आहे.

बरं, साहेब लोक इतक्यात सुधारत नसतात. ऑक्टोबरात पुढच्या सुट्ट्यांच्या जेवणाचा ठराव संसदेत आला, तो ३२२ विरुद्ध २६१ मतांनी पाडला. त्याच महिन्यात राणीच्या यादीत रॅशफोर्डला एमबीई जाहीर! पदक घे, पण भाकर मागू नकोस. तो मागतच राहिला. नोव्हेंबरात पुन्हा माघार, १७ कोटी पौंड.

सत्तेला पोरांच्या जेवणाचं भय नवं नाही. १९६९ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथरवाल्यांनी चर्चमध्ये पोरांना सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली, तर एफबीआयच्या हूवरला त्या न्याहारीतच मोठा धोका दिसला. दान करणाऱ्या शेठजीत असल्यांना कधी धोका दिसत नाही, हेही ध्यानात घ्या.

जुलै २०२१ मध्ये युरो चषकाच्या अंतिम सामन्यात रॅशफोर्डची पेनल्टी हुकली. लगेच काळ्या कातडीवरून शिव्यांचा पाऊस. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारबाईनं सहकाऱ्यांना लिहिलं, यानं राजकारणाऐवजी खेळात वेळ घालवायला हवा होता. बोभाटा झाल्यावर माफी मागितली म्हणा. पण पोटातलं ओठावर आलंच.

आमच्याकडच्या क्रिकेटवाल्यांनी वस्तीत बॅटी वाटायला जरूर यावं. पण येताना पोरांची शिष्यवृत्ती दाबून बसलेल्या साहेबाच्या नावानं एक जाहीर पत्रही लिहून आणावं. सही मोठी करावी.